ऑसिलोस्कोप प्रोब आणि उच्च वारंवारतेचे मापन

ऑसिलोस्कोप प्रोब हे सर्किट बोर्डवरील एखाद्या बिंदूवरचा विद्युत संकेत ऑसिलोस्कोपपर्यंत पोहोचवणारे, लेखणीसारखे हातात धरून वापरायचे साधन आहे. त्याच्या एका टोकाला सुईसारखे अणकुचीदार अग्र असते. अग्राजवळून ग्राउंडची एक तार निघते आणि दुसऱ्या टोकाची समाक्ष केबल ऑसिलोस्कोपला जोडली जाते. कमी वारंवारतेच्या मापनात प्रोब ही केवळ जोडतार आहे असे मानले तरी फारसे बिघडत नाही. मात्र वारंवारता काही दशलक्ष हर्ट्झच्या पुढे गेली की प्रोबचे अग्र, त्याची ग्राउंडची तार आणि तो धरणारा हात हे सर्व मोजल्या जाणाऱ्या परिपथाचेच घटक बनतात. अशा वेळी पडद्यावर दिसणारा तरंग हा बोर्डवरील मूळ तरंग नसून प्रोब जोडल्यानंतर तेथे निर्माण झालेला, आणि प्रोबमधून येताना पुन्हा बदललेला तरंग असतो. हा बदल किती आहे आणि तो कसा कमी करता येतो, हे जाणणे उच्च वारंवारतेच्या मापनाचा गाभा मानला जातो.

## वारंवारता, चढणकाळ आणि बँडविड्थ

एखादे मापन उच्च वारंवारतेचे आहे की नाही हे केवळ घड्याळ-संकेताच्या वारंवारतेवरून ठरत नाही. अंकीय परिपथातील चौकोनी तरंग शून्यापासून पूर्ण उंचीपर्यंत किती वेळात चढतो, यावर ते अवलंबून असते. तरंगाला त्याच्या उंचीच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेस चढणकाळ म्हणतात. चढणकाळ आणि बँडविड्थ यांचा ढोबळ संबंध पुढीलप्रमाणे आहे:

बँडविड्थ = ०.३५ ÷ चढणकाळ

या सूत्रानुसार १ नॅनोसेकंदात चढणाऱ्या तरंगासाठी सुमारे ३५० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लागते. तो तरंग सेकंदाला एक कोटी वेळा येवो की फक्त एकदा येवो, ही गरज बदलत नाही. म्हणूनच १० मेगाहर्ट्झचे घड्याळ असलेल्या साध्या बोर्डवरही उच्च वारंवारतेच्या मापनाचे सर्व प्रश्न उद्भवू शकतात.

बँडविड्थ म्हणजे ज्या वारंवारतेचा साइन तरंग त्याच्या खऱ्या उंचीच्या सुमारे ७०.७ टक्के दिसतो ती वारंवारता. १०० मेगाहर्ट्झ बँडविड्थच्या ऑसिलोस्कोपवर १ व्होल्ट उंचीचा १०० मेगाहर्ट्झचा साइन तरंग साधारण ०.७ व्होल्टचा दिसतो. यंत्रावर छापलेला आकडा हा अचूक मापनाच्या हमीचा आकडा नसतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या अनेकदा ध्यानात येत नाही.

प्रोब आणि ऑसिलोस्कोप यांचे चढणकाळ वर्ग करून मिळवले जातात आणि त्या बेरजेचे वर्गमूळ हा संपूर्ण संचाचा चढणकाळ असतो. ३.५ नॅनोसेकंदांचा ऑसिलोस्कोप आणि ३.५ नॅनोसेकंदांचा प्रोब एकत्र वापरल्यास संचाचा चढणकाळ सुमारे ४.९५ नॅनोसेकंद होतो. म्हणजेच १०० मेगाहर्ट्झची दोन साधने मिळून ७० मेगाहर्ट्झचा संच तयार होतो.

## इतिहास

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये ऋणकिरण नलिका तयार केली आणि विद्युत तरंगाचा आकार प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणे शक्य झाले. हॉवर्ड व्हॉलम आणि जॅक मर्डॉक यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९४६ मध्ये टेकट्रॉनिक्स ही कंपनी स्थापन केली. या कंपनीचा ५११ क्रमांकाचा, १० मेगाहर्ट्झ बँडविड्थचा ऑसिलोस्कोप १९४७ मध्ये बाजारात आला.

ऑसिलोस्कोपची बँडविड्थ वाढू लागली तशी प्रोबची उणीव ठळक झाली. ऑसिलोस्कोपचा निवेश १ मेगाओहमचा असल्याने केबलच्या टोकाशी पोहोचलेला तरंग तेथून परावर्तित होतो, पुन्हा अग्राकडे जातो आणि पडद्यावर खोटी आंदोलने दिसू लागतात. टेकट्रॉनिक्समधील जॉन कोबी आणि विल्यम पोलिट्स यांनी यावर उपाय शोधला. केबलच्या मधल्या तांब्याच्या तारेऐवजी त्यांनी रोध असलेली बारीक तार वापरली. त्यामुळे परावर्तित तरंगाची ऊर्जा केबलमध्येच विरून जाते. या रचनेस १९५९ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. आजच्या साध्या प्रोबच्या केबलमध्येही अशीच रोधयुक्त तार असते, त्यामुळे तिच्या जागी सामान्य समाक्ष केबल जोडून प्रोब दुरुस्त करता येत नाही.

पुढील काळात या विषयावर अभियंत्यांसाठी बरेच लेखन झाले. लिनियर टेक्नॉलॉजी या कंपनीतील जिम विल्यम्स यांच्या १९९१ च्या ४७ क्रमांकाच्या तांत्रिक टिपणात प्रोबच्या चुकीच्या वापराने बिघडलेले तरंग छायाचित्रांसह दाखवले आहेत. हॉवर्ड जॉन्सन आणि मार्टिन ग्रॅहम यांच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हाय-स्पीड डिजिटल डिझाइन’ या ग्रंथात घरी बनवता येणाऱ्या कमी रोधाच्या प्रोबचे वर्णन आहे.

## दहास एक प्रोबची रचना

प्रयोगशाळांत सर्वाधिक आढळणारा प्रोब ‘दहास एक’ या प्रमाणाचा असतो. त्याच्या अग्रापाशी ९ मेगाओहमचा रोधक असतो. ऑसिलोस्कोपच्या १ मेगाओहम निवेशाशी मिळून तो विभाजक बनतो आणि मूळ संकेताचा दहावा हिस्सा ऑसिलोस्कोपपर्यंत पोहोचतो.

केवळ रोधकांचा विभाजक मात्र पुरेसा नसतो. केबल आणि ऑसिलोस्कोपचा निवेश यांना स्वतःची विद्युत धारकता, म्हणजेच कपॅसिटन्स असते. तिच्यामुळे वारंवारता वाढताच संकेत क्षीण होऊ लागतो. म्हणून ९ मेगाओहमच्या रोधकाला समांतर एक लहान धारित्र जोडतात. केबल व निवेश यांची एकत्रित धारकता ९० पिकोफॅरड असेल तर हे धारित्र १० पिकोफॅरडचे असावे लागते. दोन्ही भागांतील रोध आणि धारकता यांचा गुणाकार समान झाला की विभाजनाचे प्रमाण सर्व वारंवारतांना सारखे राहते.

प्रत्येक ऑसिलोस्कोपची निवेश धारकता थोडी निराळी असल्यामुळे प्रोबवर जुळणीचा एक छोटा स्क्रू दिलेला असतो. ऑसिलोस्कोपच्या दर्शनी भागावरील सुमारे १ किलोहर्ट्झच्या चौकोनी तरंगाला प्रोब लावून, तरंगाचा माथा सपाट दिसेपर्यंत हा स्क्रू फिरवतात. ही जुळणी आवश्यक असली तरी ती कमी वारंवारतेची कसोटी आहे. १ किलोहर्ट्झचा माथा सपाट दिसला म्हणून १०० मेगाहर्ट्झला प्रोब विश्वासार्ह ठरतो असे नाही.

अनेक प्रोबांवर ‘एकास एक’ आणि ‘दहास एक’ असे निवडीचे बटण असते. एकास एक स्थितीत संकेत लहान होत नाही, परंतु केबलची पूर्ण धारकता बोर्डवर येते आणि बँडविड्थ १० मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून कमी राहते. वेगवान संकेतांसाठी ही स्थिती निरुपयोगी असते.

## धारकतेचा भार

दहास एक प्रोबवर ‘१० मेगाओहम, १० पिकोफॅरड’ अशासारखी नोंद असते. त्यातील पहिला आकडा वाचून प्रोबचा भार नगण्य आहे असा समज होतो, पण तो आकडा एकदिश प्रवाहापुरताच खरा आहे. धारकतेचा प्रवाहाला होणारा विरोध वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात घटतो. १० पिकोफॅरडसाठी हे मान पुढीलप्रमाणे येते:

* १ किलोहर्ट्झ : सुमारे १६ मेगाओहम
* १ मेगाहर्ट्झ : सुमारे १६ किलोओहम
* १०० मेगाहर्ट्झ : सुमारे १६० ओहम
* १ गिगाहर्ट्झ : सुमारे १६ ओहम

म्हणजे १०० मेगाहर्ट्झला हा प्रोब बोर्डवर ठेवणे आणि तेथे १६० ओहमचा धारित्रीय भार जोडणे यांत फरक उरत नाही.

५० ओहमच्या पारेषण मार्गाच्या मध्यावर असा प्रोब टेकवला तर त्याला दोन्ही बाजूंचे ५० ओहम समांतर, म्हणजे २५ ओहम दिसतात. २५ ओहम आणि १० पिकोफॅरड यांचा कालस्थिरांक ०.२५ नॅनोसेकंद, तर त्यापासून येणारा चढणकाळ सुमारे ०.५५ नॅनोसेकंद होतो. मूळ तरंग ०.५ नॅनोसेकंदात चढत असेल तर प्रोब टेकवताच त्याच बिंदूवर तो ०.७४ नॅनोसेकंदाचा होतो. हा बदल केवळ पडद्यावर दिसत नाही. बोर्डवर प्रत्यक्ष धावणारा तरंगच मंदावलेला असतो.

स्फटिक आंदोलकात हा परिणाम विशेष जाणवतो. सूक्ष्मनियंत्रकाच्या स्फटिकाच्या दोन्ही टोकांना बहुधा १० ते २२ पिकोफॅरडची धारित्रे असतात. तेथे आणखी १० पिकोफॅरड जोडले गेल्यास वारंवारता सरकते आणि काही वेळा आंदोलन थांबते. मापक ‘स्फटिक बंद आहे’ असा निष्कर्ष काढतो, वास्तविक तो प्रोब लावल्यामुळे बंद पडलेला असतो. म्हणून स्फटिकाच्या टोकाशी न मोजता घड्याळ-संकेत जेथे प्रवर्धित होऊन बाहेर पडतो तेथे मोजणे इष्ट असते.

याच्या उलट प्रकारही घडतो. प्रोब लावला की बोर्ड सुरळीत चालतो आणि काढला की बिघडतो. अशा वेळी प्रोबच्या धारकतेने एखादा नको असलेला क्षणिक तरंग शोषला जात असतो किंवा दोन संकेतांतील वेळेचे अंतर थोडे बदलत असते. हा योगायोग नसून बिघाडाच्या कारणाकडे निर्देश करणारा पुरावा होय.

## ग्राउंडची तार

मापनासाठी निघालेला प्रवाह अग्रातून प्रोबमध्ये जातो आणि ग्राउंडच्या तारेतून बोर्डवर परततो. प्रत्येक तारेला प्रवर्तकता, म्हणजे इंडक्टन्स असते. ढोबळ मानाने ती दर सेंटिमीटरला १० नॅनोहेन्री धरली जाते. प्रोबसोबत मिळणारी, टोकाला चिमटा असलेली सुमारे १५ सेंटिमीटरची तार घेतल्यास तिची प्रवर्तकता १५० नॅनोहेन्रीच्या घरात जाते.

ही प्रवर्तकता आणि अग्राची धारकता मिळून एक अनुनादी परिपथ बनतो. १५० नॅनोहेन्री आणि १० पिकोफॅरड यांची अनुनाद वारंवारता सुमारे १३० मेगाहर्ट्झ येते. वेगवान चढणीचा तरंग या परिपथाला धक्का देतो आणि प्रत्येक चढणीनंतर पडद्यावर घंटानादासारखी मावळत जाणारी आंदोलने दिसतात. प्रत्यक्ष बोर्डवर ती असतीलच असे नाही. लांब तारेऐवजी अग्राच्या धातूच्या कड्यावर बसणारी सुमारे १ सेंटिमीटरची स्प्रिंग वापरल्यास प्रवर्तकता १० नॅनोहेन्रीपर्यंत उतरते आणि अनुनाद ५०० मेगाहर्ट्झपर्यंत वर सरकतो. प्रोब तोच, ऑसिलोस्कोप तोच आणि बोर्डही तोच असताना केवळ तार आखूड केल्याने तरंगाचे चित्र पालटते.

लांब तारेचा दुसरा दोष असा की अग्र, तार आणि बोर्ड यांच्यामध्ये एक मोठे वेटोळे तयार होते. जवळच्या स्विचिंग वीजपुरवठ्याचे बदलते चुंबकीय क्षेत्र या वेटोळ्यातून जाते आणि फॅरडेच्या नियमानुसार त्यात विद्युत दाब प्रवर्तित करते. वीजपुरवठ्यातील काही मिलिव्होल्टची तरंगिका मोजताना या मार्गाने आलेला गोंगाट मूळ तरंगिकेहून मोठा असू शकतो.

या दोषाची किंमत प्रत्यक्ष पैशांत आणि वेळेत मोजावी लागते. अस्तित्वात नसलेली आंदोलने दाबण्यासाठी बोर्डवर जादा रोधक व धारित्रे बसवली जातात, बोर्ड पुन्हा आखला जातो आणि नव्या बोर्डवरही त्याच लांब तारेने मोजल्यामुळे तीच आंदोलने पुन्हा दिसतात.

## प्रोबचे इतर प्रकार

### कमी रोधाचा प्रोब

या प्रकारात ५० ओहमच्या समाक्ष केबलच्या टोकाशी ४५० ओहमचा रोधक जोडतात आणि ऑसिलोस्कोपचा निवेश ५० ओहमवर ठेवतात. विभाजनाचे प्रमाण दहास एक राहते, केबलमध्ये परावर्तन होत नाही आणि अग्राची धारकता १ पिकोफॅरडच्या खाली ठेवता येते. अशा प्रोबची बँडविड्थ काही गिगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकते. १ किलोओहमचा रोधक वापरल्यास प्रमाण एकवीसास एक होते. जॉन्सन आणि ग्रॅहम यांच्या ग्रंथातील घरगुती प्रोब याच प्रमाणाचा आहे. काही रुपयांचा रोधक आणि केबलचा तुकडा यांपासून तयार होणारा हा प्रोब वेगवान संकेतांसाठी साध्या प्रोबहून सरस ठरतो.

त्याचा तोटा म्हणजे एकदिश प्रवाहालाही तो ५०० ओहमचाच भार असतो. ५० ओहमच्या मार्गाच्या मध्यावर तो लावल्यास संकेताची उंची सुमारे ५ टक्क्यांनी घटते, जे सहसा चालते. परंतु ४.७ किलोओहमच्या रोधकाने ३.३ व्होल्टपर्यंत वर धरलेल्या वाहिनीवर तो लावला तर वाहिनीचा दाब ०.३२ व्होल्टपर्यंत कोसळतो आणि तिच्यावरील सर्व संवाद थांबतो.

### सक्रिय प्रोब

सक्रिय प्रोबच्या अग्रालगत क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टरवर आधारलेला प्रवर्धक असतो. संकेत केबलमध्ये शिरण्यापूर्वीच तो ५० ओहमच्या केबलला हाकण्याइतका सबळ केला जातो. त्यामुळे निवेशाचा रोध मोठा आणि धारकता १ पिकोफॅरडच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहते. वर दिलेल्या ५० ओहमच्या उदाहरणात १ पिकोफॅरडचा प्रोब लावल्यास ०.५ नॅनोसेकंदाचा चढणकाळ जवळजवळ तसाच राहतो. याआधीच्या पिढीतील सक्रिय प्रोबांत निर्वात नलिका वापरल्या जात. सक्रिय प्रोब महाग असतो, त्याला वेगळा वीजपुरवठा लागतो, तो थोड्याच व्होल्टपर्यंतचे संकेत झेलतो आणि बोटांतून होणाऱ्या स्थिर विद्युत विसर्जनानेही निकामी होऊ शकतो.

### विभेदी प्रोब

आधुनिक बोर्डांवर अनेक वेगवान संकेत दोन तारांच्या जोडीने धावतात आणि माहिती त्या दोहोंतील फरकात असते. एलव्हीडीएस या पद्धतीत हा फरक सुमारे ३५० मिलिव्होल्टचा असून तो सुमारे १.२ व्होल्टच्या समाईक दाबावर स्वार झालेला असतो. यूएसबी २.० ची ४८० मेगाबिट वेगाची जोडीही याच प्रकारची आहे. दोन अग्रांचा विभेदी प्रोब दोन्ही दाबांतील फरकच पुढे पाठवतो आणि समाईक भाग दाबून टाकतो. दोन साध्या प्रोबांनी मोजून ऑसिलोस्कोपवर वजाबाकी करण्याची पद्धतही रूढ आहे. मात्र दोन प्रोबांच्या विभाजनात १ टक्क्याचा फरक असला तरी १.२ व्होल्टच्या समाईक दाबातून १२ मिलिव्होल्टची चूक वजाबाकीत शिरते. वारंवारता वाढली की ही तफावत आणखी वाढते.

### निकटक्षेत्र प्रोब

हा प्रोब बोर्डला स्पर्श करत नाही. वरून आच्छादलेल्या तारेचे छोटे वेटोळे चुंबकीय क्षेत्र टिपते, तर तारेचे आखूड उघडे टोक विद्युत क्षेत्र टिपते. वर्णपट विश्लेषकाला जोडून तो बोर्डवर फिरवला की नको असलेले उत्सर्जन कोणत्या भागातून होते ते कळते. या पद्धतीने तरंगाचा अचूक आकार किंवा दाब मिळत नाही. तिचा उपयोग उगम शोधण्यापुरता असतो.

## हाताने मापन करण्याची पद्धत

हातात धरलेल्या प्रोबचा मोठा फायदा म्हणजे गती. बोर्डवरील अनेक बिंदू काही मिनिटांत पाहता येतात. त्याच वेळी हाताचा कंप, दाब आणि कोन यांचा मापनावर परिणाम होतो. या कामात पुढील बाबींची काळजी घेतली जाते.

* ग्राउंडचा बिंदू आधी निश्चित केला जातो. मोजायच्या बिंदूपासून काही मिलिमीटरांवरील ग्राउंडची पट्टी, छिद्र किंवा जवळच्या धारित्राचे ग्राउंडकडील टोक यांसाठी निवडतात.
* प्रोब शक्य तितका उभा धरला जातो, म्हणजे त्याचे धातूचे अंग शेजारच्या मार्गांपासून दूर राहते. बोटे अग्रापासून मागे, त्यांच्यासाठी दिलेल्या कडेच्या पलीकडे ठेवली जातात.
* कोपर आणि मनगट टेबलावर टेकवले जाते आणि दृष्टी बोर्डवर ठेवली जाते. पडद्याकडे पाहण्यासाठी मान वळली की अग्र घसरते. म्हणून ऑसिलोस्कोपला एकदाच तरंग पकडून थांबण्यास सांगितले जाते व प्रोब उचलल्यावर तरंग वाचला जातो.
* आयसीच्या दोन पायांतील अंतर ०.५ मिलिमीटर असेल तर घसरलेले अग्र वीजपुरवठ्याचा पाय आणि संकेताचा पाय यांना जोडू शकते आणि आयसी जळू शकते. अशा ठिकाणी पायाऐवजी त्याच मार्गावरील रोधकाचे टोक किंवा छिद्र निवडले जाते.
* मोजण्याची जागा विचारपूर्वक ठरवली जाते. बोर्डवर संकेत नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर प्रवास करतो. मार्गाच्या मध्यावर मोजल्यास जाणारा आणि परावर्तित तरंग एकमेकांत मिसळून पायरीसारखा आकार दिसतो. ग्राहक आयसीला काय मिळते हे पाहायचे असेल तर तिच्या पायाशीच मोजावे लागते.

बोर्डची आखणी करतानाच महत्त्वाच्या संकेतांजवळ मापनबिंदू आणि त्याच्या शेजारी ग्राउंडचा बिंदू ठेवला तर यांतील बहुतेक अडचणी टळतात.

## मापनाची पडताळणी

पडद्यावरील तरंग बोर्डचा आहे की प्रोबचा, हे ठरवण्यासाठी काही सोप्या कसोट्या प्रचलित आहेत. त्यांना कोणतेही जादा उपकरण लागत नाही.

शून्य कसोटी : अग्र आणि ग्राउंडची तार ही दोन्ही बोर्डवरील ग्राउंडच्या एकाच बिंदूवर ठेवतात. पडद्यावर सरळ रेषा अपेक्षित असते. तेथे जो काही तरंग दिसेल तो वेटोळ्यातून किंवा केबलमधून आलेला असतो आणि त्याहून लहान संकेताच्या मापनावर विश्वास ठेवता येत नाही.

दुसऱ्या प्रोबची कसोटी : पहिल्या प्रोबने तरंग पाहत असताना त्याच बिंदूवर तसाच दुसरा प्रोब टेकवतात. पहिल्या तरंगात बदल झाला, तर पहिला प्रोब टेकवल्यावरही साधारण तेवढाच बदल झाला असणार असे अनुमान निघते.

हाताची कसोटी : मापन चालू असताना केबलवरून हात फिरवतात किंवा ती मुठीत धरतात. तरंग बदलल्यास केबलच्या बाहेरील जाळीवरून नको असलेला प्रवाह वाहत आहे असे समजते. केबलवर फेराइटचे कडे बसवणे किंवा ग्राउंडची जोडणी आखूड करणे हे त्यावरील उपाय होत.

तारेची कसोटी : ग्राउंडची तार आखूड करून पुन्हा मोजतात. आंदोलनांची वारंवारता बदलली तर ती आंदोलने मुख्यतः प्रोबची असतात. ती तशीच राहिली तर बोर्डमध्ये कारण शोधणे योग्य ठरते.

## सुरक्षितता

सामान्य ऑसिलोस्कोपमध्ये प्रोबची ग्राउंडची तार यंत्राच्या धातूच्या पेटीला आणि तेथून थ्री-पिन प्लगच्या अर्थ पिनेला जोडलेली असते. त्यामुळे ती बोर्डवर कोठेही लावता येत नाही. घरगुती विजेवर थेट चालणाऱ्या स्विचिंग वीजपुरवठ्याच्या प्राथमिक बाजूस हा धोका सर्वांत मोठा असतो. भारतातील २३० व्होल्ट पुरवठ्याचा शिखर दाब सुमारे ३२५ व्होल्ट असतो. तेथील ‘ग्राउंड’ म्हणून दाखवलेल्या बिंदूला तार जोडल्यास थेट शॉर्ट सर्किट होते. यातून सुटका म्हणून ऑसिलोस्कोपची अर्थ पिन काढून टाकण्याची प्रथा अत्यंत घातक आहे, कारण तेव्हा यंत्राची संपूर्ण पेटीच जिवंत होऊ शकते. अशा मापनासाठी उच्च दाबाचा विभेदी प्रोब वापरणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

प्रोबवर छापलेली कमाल दाबाची मर्यादा एकदिश प्रवाहासाठी व कमी वारंवारतेसाठी असते. वारंवारता वाढताना अग्राच्या धारकतेतून जाणारा प्रवाह वाढतो आणि ही मर्यादा झपाट्याने उतरते. १०० मेगाहर्ट्झला ती मूळ मर्यादेचा लहानसा अंश असू शकते. उत्पादकाच्या पत्रिकेतील आलेखात ती दिलेली असते. ५० ओहमच्या निवेशावर तर सामान्यतः ५ व्होल्टच्या आसपासचीच मर्यादा असते.

## हातातील प्रोबची मर्यादा

संकेत काही गिगाहर्ट्झच्या पुढे गेला की हाताने टेकवलेले अग्र पुरेसे स्थिर राहत नाही. दाबातील किंवा कोनातील थोड्या फरकानेही तरंगाचा आकार बदलतो आणि एकच मापन पुन्हा केले असता निराळे उत्तर येते. अशा वेळी प्रोबला आधार देणारे बाहुयंत्र, बोर्डला डाख देऊन जोडायची अग्रे किंवा आखणीतच बसवलेले समाक्ष जोड वापरले जातात. तरीही बिघाड शोधण्याच्या पहिल्या टप्प्यात हातातील प्रोबला पर्याय नाही. त्याच्या नोंदीचे मूल्य प्रोबच्या किमतीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते प्रोबचा प्रकार, अग्राची धारकता, ग्राउंडच्या तारेची लांबी आणि मोजण्याची जागा यांवर अवलंबून असते. म्हणून प्रयोगशाळेच्या वहीत तरंगाच्या चित्रासोबत या चार गोष्टी लिहून ठेवल्या जातात. त्यामुळे दुसऱ्या व्यक्तीला तेच मापन पुन्हा करता येते आणि तरंगातील कोणता भाग बोर्डचा व कोणता प्रोबचा हे नंतरही तपासता येते.